आरसी (रिमोटवरच्या) बोटीचा शाफ्ट: सुरुवात स्ट्रटपासून, मोटर शेवटी

‘मोटर फार तापते’, ‘ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे सर्किट) मध्येच बंद पडतो’, ‘बॅटरी पाच मिनिटांत उतरते’ अशा तक्रारी घेऊन बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून जे हौशी बोटवाले माझ्याकडे येतात, त्यांच्यापैकी बहुतेकांची मोटर शाबूत असते. बॅटरी काढून ठेवावी आणि प्रोपेलर बोटाने हलकेच फिरवून पाहावा, तर तो अर्ध्या फेरीतच अडखळतो. चूक बहुधा क्रमाची असते. मोटर जागच्या जागी घट्ट आवळून टाकली जाते आणि मग शाफ्ट, म्हणजे मोटरचे फिरणे प्रोपेलरपर्यंत नेणारा दांडा, ओढूनताणून तिच्यापर्यंत नेला जातो. पुढे दिलेला क्रम याच्या नेमका उलट आहे: आधी स्ट्रट (शाफ्टच्या मागच्या टोकाला बोटीबाहेर धरणारा आधार), मग नळी, मग शाफ्ट आणि सर्वांत शेवटी मोटर.

सावधान: शाफ्टला, कपलरला (मोटर आणि शाफ्ट जोडणाऱ्या तुकड्याला) किंवा प्रोपेलरला हात लावण्यापूर्वी बॅटरीचा प्लग काढलाच पाहिजे. रिमोट बंद असला म्हणजे मोटर फिरणार नाही, असे समजू नये.

१. बोटीच्या कामावरून शाफ्टचा प्रकार ठरवणे

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. सरळ शाफ्ट म्हणजे स्टेनलेस स्टीलची अखंड सळई. ती दोन्ही टोकांना बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती छोटी आधाराची कडी) असलेल्या नळीतून जाते आणि बोटीच्या तळातून तिरकी बाहेर पडते. फ्लेक्स शाफ्ट म्हणजे पोलादी तारांचे अनेक थर एकमेकांवर उलट-सुलट गुंडाळून केलेली केबल असते. ती हलक्या वळणाच्या नळीतून जाते आणि तिच्या मागच्या टोकाला प्रोपेलरसाठी छोटा सरळ शाफ्ट जोडलेला असतो.

टगबोट, मासेमारी बोटीची प्रतिकृती किंवा संथ चालणारी कोणतीही बोट असेल, तर सरळ शाफ्ट घ्यावा. बोट मागेही न्यायची असेल, तर तोच घ्यावा, कारण फ्लेक्स केबल एकाच दिशेने जोर घेण्यासाठी गुंडाळलेली असते आणि उलट्या दिशेने पूर्ण थ्रॉटल दिल्यास तिचे थर सुटू लागतात. वेगवान मोनो (एका तळाची) किंवा कॅटामरान (दोन तळांची) बोट असेल, तर फ्लेक्स शाफ्टच योग्य. अशा बोटीत प्रोपेलर पाण्याला जवळजवळ समांतर राहावा लागतो, आणि सरळ सळईला मोटरपासून तिथपर्यंत वळण घेता येत नाही. अगदी लहान बोटींत केबलऐवजी पियानो वायरही चालते, पण तिचा विचार इथे केलेला नाही.

२. जाडी ठरवणे

जाडी वेगावरून ठरवण्याची चूक फार होते. शाफ्टवर येणारा पीळ न्यूटन-मीटरमध्ये काढायचा, तर शक्तीच्या वॅट्सना ९.५५ ने गुणून मिनिटाच्या फेऱ्यांनी भागावे. ६०० वॅट २०,००० फेऱ्यांवर दिले, तर सुमारे ०.२९ न्यूटन-मीटर पीळ येतो. तेच ६०० वॅट मोठ्या प्रोपेलरच्या टगबोटीत ८,००० फेऱ्यांवर दिले, तर तो ०.७२ च्या आसपास जातो. संथ बोटीला बारीक शाफ्ट पुरतो, ही समजूत त्यामुळे धोक्याची आहे. प्रोपेलरमध्ये जलपर्णीचे मूळ अडकले की क्षणभर यापेक्षाही कितीतरी जास्त पीळ येतो.

सरळ शाफ्टच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. दोन बुशांमधील अंतर जास्त असेल, तर ठरावीक फेऱ्यांवर सळई दोरीउडीच्या दोरीसारखी मध्यभागी फुगू लागते आणि नळीला घासते. ४ मि.मी. जाडीची पोलादी सळई ३०० मि.मी. अंतरावरच्या दोन बुशांवर असेल, तर गणिताने ही अवस्था सुमारे ५,३०० फेऱ्यांवर येते. मध्ये एक बुश टाकून अंतर १५० मि.मी. केले, तर ती चौपट वर, म्हणजे सुमारे २१,००० फेऱ्यांवर जाते. अधल्यामधल्या वेगाला बोट कर्कश आवाज करते आणि वेग बदलला की आवाज थांबतो, असे होत असेल तर आधी मधल्या बुशाचा विचार करावा. नळीत आणखी ग्रीस कोंबून हा आवाज जात नाही.

मोटरच्या फेऱ्यांचा अंदाज केव्ही (दर व्होल्टमागे मिनिटाच्या फेऱ्या) गुणिले व्होल्ट असा काढावा. १,८०० केव्हीची मोटर चार सेलच्या लायपो बॅटरीवर, म्हणजे १४.८ व्होल्टवर, भाराविना सुमारे २६,६०० फेऱ्या घेते. पाण्यात भाराखाली त्या बऱ्याच कमी होतात.

३. सूत आणि मिलिमीटर यांची गल्लत टाळणे

आपल्या भागात या पायरीवर सर्वांत जास्त पैसे वाया जातात. परदेशी मापाच्या फ्लेक्स केबली इंचात येतात आणि त्यांतली सर्वांत प्रचलित केबल ३/१६ इंचाची, म्हणजे आपल्या लेथवाल्यांच्या भाषेत दीड सुताची (एक सूत म्हणजे १/८ इंच) असते. तिची जाडी ४.७६ मि.मी. भरते. चिनी तयार बोटींत मात्र बहुधा ४ मि.मी. केबल असते, आणि मोटरचा दांडा पुष्कळदा ५ मि.मी. असतो. दीड सुती केबल ‘पाचच्या आसपास’ म्हणून ५ मि.मी. भोकाच्या ग्रब स्क्रूच्या (बाजूने आवळायच्या बिनडोक्याच्या स्क्रूच्या) कपलरमध्ये घातली, तर ती आत जाते आणि स्क्रू आवळल्यावर घट्टही वाटते. पण स्क्रू तिला एका बाजूला दाबतो, त्यामुळे केंद्र ०.१२ मि.मी. ने सरकते. वीस हजार फेऱ्यांवर एवढी तफावत बुश खाऊन टाकायला पुरेशी असते.

मी स्वतः बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका वयस्कर टर्नरकडे पहिल्यांदा कपलर करून घ्यायला गेलो, तेव्हा कागदावर एका बाजूचे माप सुतात आणि दुसऱ्या बाजूचे मिलिमीटरमध्ये लिहून नेले होते. त्यांनी कागद परत केला आणि म्हणाले, “साहेब, मापं नका सांगू. दोन्ही दांडे घेऊन या, मी व्हर्नियर लावतो.” तेव्हापासून कपलर घेताना किंवा करून घेताना मी प्रत्यक्ष केबल आणि मोटर दोन्ही सोबत नेतो. बेळगावात फौंड्री आणि हायड्रॉलिक्सच्या कामामुळे चांगले लेथ आहेत. तिथे साधा पितळी बुश किंवा कपलर अचूक होऊन मिळतो. फक्त शाफ्ट ज्यात फिरणार त्या बुशात शाफ्टपेक्षा साधारण ०.०५ मि.मी. मोकळीक ठेवायला स्पष्ट सांगावे.

तपासणी: शाफ्टची, केबलची आणि मोटरच्या दांड्याची जाडी प्रत्येकी तीन ठिकाणी व्हर्नियरने मोजून वहीत लिहावी. पॅकेटवरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये.

४. केबलचा पीळ ओळखणे

फ्लेक्स केबल डाव्या किंवा उजव्या पिळाची असते. मोटर फिरू लागल्यावर बाहेरचा थर आवळला गेला पाहिजे, म्हणजे तो आतल्या थरांवर घट्ट बसतो आणि सगळे थर मिळून पीळ घेतात. उलट झाले, तर बाहेरचा थर उकलतो, केबल नळीत फुगते आणि काही मिनिटांत तुटते.

नावांच्या भानगडीत न पडता हातानेच परीक्षा करावी. केबलचे प्रोपेलरकडचे टोक एका हातात घट्ट धरावे आणि मोटरकडचे टोक, मोटर ज्या दिशेने फिरणार आहे त्या दिशेने, दुसऱ्या हाताने पिळावे. केबल ताठ होत गेली, तर ती योग्य. तारांमध्ये फटी दिसू लागल्या, तर ती चुकीची. ब्रशलेस मोटरच्या तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली की मोटर उलटी फिरते, पण मग प्रोपेलरही उलट्या हाताचा लागतो, हे विसरू नये. दोन मोटरींच्या बोटीत प्रोपेलर परस्परविरुद्ध फिरवायचे असतील, तर प्रत्येक पिळाची एकेक केबल घ्यावी लागते.

५. नळी वाकवणे

पितळी नळी थंडच वाकवायला गेलात, तर ती एका जागी चेपते, आणि ती चेप बाहेरून दिसली नाही तरी केबलला आत जाणवते. जिथे वळण हवे तिथे नळी अंधाऱ्या खोलीत मंद लालसर दिसेपर्यंत तापवावी आणि थंड होऊ द्यावी. पितळ मऊ होते. नंतर तिच्यात बारीक वाळू ठासून दोन्ही टोके बंद करावीत आणि मोठ्या डब्याच्या किंवा भांड्याच्या कडेवर थोडी थोडी वाकवावी. वाळू कढईत भाजून पूर्ण कोरडी केलेली असावी. ओली वाळू भरलेली बंद नळी तापवली, तर आतल्या वाफेने टोक बंदुकीच्या गोळीसारखे उडते, म्हणून तापवणे आधी आणि वाळू नंतर हा क्रम कधीही बदलू नये.

वळण एकच आणि लांबट असावे. कमी जागेत दोन वळणे घेण्यापेक्षा मोटर थोडी पुढे सरकवणे बरे.

नळीत टेफलॉनचे अस्तर घालणार असाल, तर दीड सुती केबलला पाव इंच बाहेरच्या व्यासाचे अस्तर आणि ९/३२ इंचाची पितळी नळी जुळते. अस्तराचे मागचे टोक स्ट्रटच्या बुशापासून काही मिलिमीटर अलीकडेच संपवावे, आणि पुढचे टोक सरकत जाऊन कपलरमध्ये अडकणार नाही अशी सोय करावी.

तपासणी: कोरडी, ग्रीस न लावलेली केबल नळीत घालून दोन बोटांनी फिरवावी. पूर्ण फेरीत कुठेही जड लागता कामा नये. एकाच कोनात दरवेळी जड लागत असेल, तर केबल वाकडी आहे. सतत जड लागत असेल, तर नळीचे वळण फार तीव्र आहे.

६. स्ट्रट, नळी आणि मग मोटर

बोट उलटी, सपाट फरशीवर, डळमळणार नाही अशी ठेवावी. स्ट्रट आधी बसवून तो बोटीच्या मध्यरेषेत आणि तळाला समांतर असल्याची खात्री करावी, मगच नळी त्याला जोडावी. नळी एपॉक्सीने चिकटवताना शाफ्ट आतच ठेवावा, मात्र त्याला ग्रीसचा पातळ हात दिलेला असावा. चिकटताना दर पाच-दहा मिनिटांनी शाफ्ट फिरवून पाहावा, कारण एपॉक्सी आवळताना नळी किंचित सरकते आणि ते दुसऱ्या दिवशी लक्षात येऊन उपयोग नसतो.

आता मोटर. तिचे माउंट सैल ठेवून तिला कपलरने शाफ्टला जोडावे. सरळ शाफ्टची बोट असेल, तर या कामापुरता युनिव्हर्सल जॉइंट (कोनातही फिरणारा कपलर) बाजूला ठेवून दोन्ही मापांचे भोक असलेला अखंड पितळी तुकडा वापरावा. तो मोटरला शाफ्टच्या रेषेत बळेच आणतो. मोटर त्या रेषेत असतानाच माउंटच्या खाली पातळ पत्रे घालून उरलेली फट भरावी आणि बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळावेत. शेवटी पितळी तुकडा काढून खरा जॉइंट बसवावा. युनिव्हर्सल जॉइंट चुकीची रेषा सहन करतो, असे म्हणून हे काम टाळणारे बरेच आहेत. तो सहन करतो हे खरे, पण थरथर आणि बॅटरीचा खर्च यांच्या मोबदल्यात.

सरळ शाफ्टच्या नळीचे आतले टोक पाण्याच्या पातळीच्या वर यावे. तसे जमत नसेल, तर बोट थांबल्यावर पाणी आत चढते आणि मग ग्रीसवर दुप्पट लक्ष द्यावे लागते. फ्लेक्स शाफ्टमध्ये नळीचे पुढचे टोक आणि कपलर यांच्यात आधाराविना राहणारी केबल २० ते २५ मि.मी. पेक्षा लांब ठेवू नये.

७. कपलर आणि मागची फट

फ्लेक्स केबलसाठी चारही बाजूंनी सारखे आवळणारे कॉलेट कपलर घ्यावे. ग्रब स्क्रूच द्यावा लागत असेल, तर मोटरच्या दांड्यावर कानशीने छोटी सपाट जागा करून स्क्रू तिच्यावर बसवावा. दांडा आणि स्क्रू थिनरने पुसून तेलविरहित केल्यावरच निळे थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारे द्रव) लावावे. तेलकट स्क्रूवर ते धरत नाही.

केबल कापावी लागली, तर कापण्याच्या जागी आधी पातळ सुपरग्लू मुरवावा आणि कटिंग डिस्कने कापावी. पक्कडीने चावून कापलेले टोक उकलते आणि कॉलेटमध्ये जातच नाही. मागचा छोटा शाफ्ट केबलला घरी जोडण्याच्या भानगडीत मी एकदा पडलो होतो. चांदीच्या झाळीला उष्णता जास्त लागली, सांध्याजवळच्या तारांचे पाणी उतरले आणि खानापूरजवळच्या एका शेततळ्यात तिसऱ्याच फेरीला प्रोपेलर शाफ्टसकट तळाशी गेला. तेव्हापासून मी तयार जोडलेली केबलच घेतो.

आता या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवावी. भार आला की फ्लेक्स केबल पिळली जाऊन लांबीने थोडी आखडते आणि प्रोपेलरच्या पुढचा ड्राइव्ह डॉग (शाफ्टवर आवळलेला, प्रोपेलरला पकडून फिरवणारा तुकडा) स्ट्रटकडे ओढला जातो. दोन्हींमध्ये फट ठेवली नसेल, तर डॉग स्ट्रटवर आवळतो आणि मोटर भाराखालीच गच्च धरली जाते. टबमध्ये बोट उत्तम चालते, तळ्यात पूर्ण वेगाला बंद पडते, असे होण्यामागे पुष्कळदा हेच असते. केबलच्या जाडीएवढी फट ठेवावी: दीड सुती केबलला साडेचार-पाच मिलिमीटर, ४ मि.मी. केबल आखूड असेल तर थोडी कमी चालेल.

सरळ शाफ्ट आखडत नाही, त्यामुळे तिथे एवढी फट नको. त्याला पुढे-मागे ०.२ ते ०.३ मि.मी. खेळ पुरतो. प्रोपेलरचा रेटा मागच्या बुशावर, नायलॉनच्या वॉशरवर आला पाहिजे. वॉशर विसरला, तर सगळा रेटा मोटरच्या बेअरिंगवर जातो.

तपासणी: कपलरमधून बाहेर पडणाऱ्या केबलवर आणि कपलरवर मिळून केबलच्या लांबीला समांतर अशी एकच रेघ नेलपॉलिशने ओढावी. फेरीनंतर रेघ तुटलेली दिसली, तर केबल घसरते आहे.

८. ग्रीस

पाण्याने न धुपणारे मरीन ग्रीस वापरावे. ते केबलच्या पूर्ण लांबीवर पातळ चोळावे आणि केबल फिरवत फिरवत नळीत सरकवावी. चेनसाठी वापरतात ते घट्ट ग्रीस नळीत भरले, तर पाणी येत नाही, पण मोटरला ते ढवळत बसावे लागते. फवारून वापरायचे पातळ पाणी-निवारक तेल पाणी हटवते, वंगणाचे काम मात्र करत नाही.

राकसकोपसारख्या पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात ग्रीस लावलेली बोट सोडू नये.

९. पहिली फेरी

पाण्याबाहेर मोटर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त चालवू नये, कारण मागचा बुश पाण्यानेच थंड राहतो. पाण्यात आधी एक मिनिट अर्ध्या थ्रॉटलवर बोट चालवावी, काठाला आणावी, बॅटरी काढावी आणि नळीला ठिकठिकाणी हात लावून पाहावा. एकच जागा गरम लागली, तर केबल तिथे घासते आहे. मागचा बुश गरम लागला, तर प्रोपेलरचा तोल बिघडलेला असण्याची शक्यता जास्त; जड पाते मागच्या बाजूने कानसून तोल साधावा.

१०. प्रत्येक फेरीनंतर

बोट घरी आणली की त्याच संध्याकाळी केबल पूर्ण बाहेर काढावी. ‘उद्या बघू’ म्हटले की खानापूरच्या पावसाळी हवेत कार्बन स्टीलच्या केबलवर दोन-तीन दिवसांत तांबडी पावडर धरते. केबल चिंधीने पुसून डिझेलमध्ये धुवावी, सुकू द्यावी, आणि मग तिच्यावरून कापसाचा बोळा मोटरकडून प्रोपेलरकडे हळूहळू ओढावा. जिथे कापसाचे तंतू अडकतात, तिथे एखादी तार तुटलेली असते. एक तार तुटली की केबल बदलावीच, कारण राहिलेल्या तारांवर तिचा भार गेलेला असतो. निळसर पडलेला भाग दिसला, तर ती जागा तापून मऊ झाली आहे, तीही टाकून द्यावी. चकचकीत घासलेला पट्टा मात्र केबलचा दोष नसतो, नळीचा असतो, आणि नवी केबल घातली तरी तो पुन्हा त्याच जागी उमटतो.

सरळ शाफ्ट महिन्यातून एकदा काढून काचेवर लोळवावा. खाली उजेड दिसला, तर तो वाकलेला आहे.

स्ट्रटचा बुश वेगळा तपासावा लागतो. दूधगंगा-वेदगंगेच्या काठी किंवा अथणी-रायबागकडे कृष्णेत बोट चालवणाऱ्यांचे बुश वाळूने आणि काळ्या मातीच्या गाळाने लवकर झिजतात. प्रोपेलरचे टोक धरून आडवे हलवले असता खेळ हाताला स्पष्ट जाणवू लागला, की बुश बदलावा. स्ट्रटमध्ये बॉल बेअरिंग घालण्याचा मोह टाळावा, गाळात ते एका मोसमात गंजते.

गणेश विसर्जनानंतरचे काही आठवडे तलावात बोट सोडणाऱ्यांनी प्रत्येक फेरीनंतर प्रोपेलर काढलाच पाहिजे. हाराचा दोरा ड्राइव्ह डॉग आणि स्ट्रट यांच्यामधल्या त्याच फटीत गुंडाळला जातो. सिंथेटिक असेल, तर घर्षणाच्या उष्णतेने वितळून बुशाच्या तोंडाशी त्याची कडक काळी चकती बनते. ती रबरी सीलसारखी दिसते, म्हणून एकाने ती दोन वर्षे जपून ठेवली होती. अशी चकती ब्लेडने आडवी दोन ठिकाणी कापून चिमट्याने काढावी. तापवून काढू नये, कारण मऊ झालेला दोरा बुशाच्या आतच शिरतो आणि मग बुशच फोडावा लागतो.